बिजलीची पाव गोळी

या अंकाच्या संपादकबाईंनी फोन करून सांगितलं, "रुग्णसेवेतले कृतार्थ क्षण लिहून द्या." मी म्हटलं, बाई, रुग्णसेवा नर्सा करतात. मी चौतीस वर्षं मेडिकलच्या काउंटरमागं उभी राहिले. मागेल त्याला मागेल ते दिलं आणि वर थोडं शहाणपण दिलं. शहाणपण फुकट असल्यामुळं ते कुणी घरी नेलं नाही. तरी बाईंचा आग्रह, म्हणून कृतार्थ क्षण शोधायला बसले, तर हाताला लागले ते गुडघे. तेव्हा गुडघ्यांवरच लिहिते.

कोल्हापूरच्या माणसाला आपल्या छातीचा भारी अभिमान. गुडघ्याचं नाव तो चारचौघांत काढत नाही. आमच्या दुकानाला तीन पायऱ्या आहेत. पुराचं पाणी आत शिरू नये म्हणून सासऱ्यांनी त्या मुद्दाम उंच बांधल्या. गडी छाती पुढं काढून पायरीपर्यंत येतो, थांबतो, ओळखीचं कुणी बघत नाही ना याची खात्री करतो आणि मग कठडा धरून खेकड्यासारखा आडवा चढतो. वर आला की पुन्हा छाती पुढं. "काय न्हाय वैनी, जरा अंग कसकसतंय. ती पिवळी गोळी द्या." पायऱ्या कोण कसा चढतो ते बघूनच मी गोळ्यांची पट्टी काढून ठेवायची. हाडाच्या डॉक्टरांना त्यासाठी एक्स-रे लागतो.

या पिवळ्या, गुलाबी, पांढऱ्या गोळ्यांचं थोडक्यात सांगते, कारण चौतीस वर्षांत हे पुरतं ऐकून घेणारा एकही माणूस भेटला नाही. वाचक तरी पान उलटेपर्यंत ऐकतील. वय झालं, वजन वाढलं, कष्ट झाले की गुडघ्यातली मऊ गादी झिजते, हाड हाडाच्या जवळ येतं, सूज येते, ठणका लागतो. सूज उतरवणारी गोळी ठणका कमी करते. झिजलेली गादी ती परत आणून देत नाही. शिवाय शरीरातली जी रसायनं गुडघ्यात आग लावतात, त्यांचीच भावंडं पोटाच्या अस्तराची राखण करतात आणि मूत्रपिंडाकडं रक्त जाऊ देतात. गोळीला भांडखोर भाऊ कोणता आणि कामाचा कोणता हे कळत नाही, ती सगळ्या घराला घरी बसवते. म्हणून कमीत कमी मापात, कमीत कमी दिवस आणि रक्त तपासून घ्यायची, असं डॉक्टर सांगतात.

लोकांचं शास्त्र वेगळं. त्यांच्या मते गोळी 'गरम' असते आणि दुधाबरोबर घेतली की गरमी मरते. झालं, एवढ्यावर सगळं औषधशास्त्र संपलं. भिशीच्या बायका तर आपापल्या गोळ्या घेऊन येतात आणि हळदीकुंकवाच्या वाणासारख्या एकमेकींना देतात. एकीला गुण आला की पुढच्या भिशीला आठ जणींना तीच गोळी. त्यातल्या कुणाला दमा आहे आणि कुणाला अल्सर, हे विचारणं म्हणजे वाणाला नावं ठेवणं.

गोळी चिठ्ठीशिवाय द्यायची नाही असा कायदा आहे. तो कायदा फ्रेम करून आमच्या भिंतीवर टांगलेला होता आणि त्याच्याखाली उभी राहून मी चिठ्ठीशिवाय गोळ्या दिल्या. आपण नाही दिली तर समोरचा देतो, ही या धंद्यातली सगळ्यात जुनी सबब आहे. आम्ही जैन. मुंगी मेली तरी सासूबाई हळहळायच्या. आपल्या दुकानात हिंसा होत नाही, असं सासरे गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगायचे. मूत्रपिंडं त्यांनी हिशेबात धरलेली नव्हती.

आता हिंदुरावमामांकडं येते.

आमच्या भागात गवळी बरेच. सकाळ-संध्याकाळ ते म्हशी चौकातल्या दूधकट्ट्यावर आणतात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धार काढतात आणि फेसाळलेलं कोमट दूध पेल्यातून हातात देतात. त्यांच्या म्हशींसाठी म्हणून दुकानात एक फडताळ जनावरांच्या औषधांचं होतं. हिंदुरावमामा या गवळ्यांतले जुने, वय पासष्टच्या पुढं, मिशा पांढऱ्या आणि आवाज असा की काउंटरवर हळू बोलले तरी पलीकडच्या चहावाल्याला त्यांचं दुखणं कळायचं.

धार काढणं ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. गवळी चवड्यांवर उकिडवा बसतो आणि दोन गुडघ्यांच्या चिमट्यात दुधाची चरवी धरतो. हात धारेवर, चरवीचा सगळा भार गुडघ्यांवर. पन्नास वर्षं दोन्ही वेळेला हे केल्यावर मामांच्या गुडघ्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको. हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं की उकिडवं बसणं बंद, स्टूल घ्या. मामांनी ते मला येऊन असं सांगितलं, जसा काही डॉक्टरांनी त्यांना साडी नेसायला सांगितली होती.

"स्टुलावं बसून धार काढणारा गवळी बगितलाय का कुटं? आन् चरवी कुटं धरू, डोक्यावं? चरवी भुईला टेकली की गिऱ्हाईक म्हंतंय, पाणी हाय."

स्टूल राहिलं बाजूला. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, तेवढ्या मामांनी घेतल्या. सहाव्या दिवशी ते परत आले तेव्हा चिठ्ठीचं लॅमिनेशन केलेलं होतं. दुधाच्या हातानं कागद खराब होतो, असं त्यांचं म्हणणं. त्या चकचकीत कागदावर 'पाच दिवस' हे शब्द स्वच्छ वाचता येत होते. मी हसले, समोरच्या दोन गिऱ्हाइकांना दाखवून पुन्हा हसले आणि पट्टी काढून दिली. ती चिठ्ठी चार वर्षं चालली. आमच्याकडचं रेशनकार्डसुद्धा इतकं टिकत नाही.

पोटाचं काय, असं मी मधूनमधून विचारायची. मामांचं उत्तर ठरलेलं. दोन लिटर दूध पोटात असतं, गोळी बिचारी त्यात पोहत बसते.

मग त्यांना रक्तदाब निघाला. दोन गोळ्या सुरू झाल्या, एक दाबाची आणि एक लघवी मोकळी होण्याची. या दोन्हींच्या जोडीला सुजेची गोळी म्हणजे मूत्रपिंडाला तिन्हीकडून घेरणं. हे मला पाठ होतं, परीक्षेत लिहून मी त्याचे मार्क मिळवले होते. तरी बरेच महिने दिल्याच. एके दिवशी मामा पायऱ्या चढताना त्यांच्या चपलेचा पट्टा सुजलेल्या पायात रुतलेला दिसला आणि मला एकदम शिकलेलं आठवलं. मी पट्टी परत आत ठेवली. म्हटलं, मामा, आता बास. आधी डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून या, त्याशिवाय एक गोळी मिळणार नाही.

मामांनी लॅमिनेशन उलटंपालटं करून बघितलं, खिशात घातलं आणि उतरून गेले. कोल्हापूरचा माणूस भांडला नाही म्हणजे काहीतरी चुकतंय, हे मला कळायला हवं होतं. मी मात्र खूश होते. संध्याकाळी मिस्टरांना सांगितलं, दुसऱ्या दिवशी नणंदेला सांगितलं, भिशीत तर साग्रसंगीत सांगितलं. धंदा बुडाला तरी चालेल पण तत्त्व सोडणार नाही, हे वाक्य मी त्या आठवड्यात किती वेळा बोलले कोण जाणे. घरी येऊन माझ्या स्वतःच्या गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली एक गोळी तोंडात टाकली. दुकानदाराकडं कोण चिठ्ठी मागतो?

चार दिवसांनी मामा आले. बिजली लंगडतीय म्हणाले, पुढचा डावा पाय. बिजली म्हणजे त्यांची लाडकी म्हैस. जनावराचा डॉक्टर येऊन गेला, चिठ्ठी गोठ्यात राहिली, असंही म्हणाले. जनावराच्या चिठ्ठीला कोण एवढं विचारतो? मी म्हशीची सुजेची गोळी काढून दिली. ती चांगली अंगठ्याएवढी असते. पिठाच्या गोळ्यात घालून द्या, दिवसातून एकदा, तीन दिवस, असं समजावलं. मामा कधी नव्हे ते लक्ष देऊन ऐकत होते. किती किलोच्या म्हशीला अख्खी गोळी, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चार-पाचशे किलोची धरा. त्यांनी मान डोलावली. मुक्या जनावराची केवढी काळजी, असं मला वाटलं आणि तेही मी नणंदेला सांगितलं.

बिजलीचा पाय काही बरा होईना. दर आठ-पंधरा दिवसांनी मामा यायचे, गोळ्या न्यायचे. पायऱ्या मात्र आता जरा बऱ्या चढायचे. मी कौतुकानं म्हणायची, बघा मामा, गोळी बंद केली तर कसं छान वाटतंय. मामा मिशीतल्या मिशीत हसायचे.

दोनेक महिने असे गेले. एकदा जनावरांचे डॉक्टर स्वतःच्या पोटासाठी काही घ्यायला दुकानात आले. मी सहज विचारलं, बिजलीचा पाय कसा आहे? त्यांना आधी प्रश्नच कळला नाही. मग म्हणाले, "हिंदुरावची बिजली? परवाच माझ्यामागं शिंगं उगारून धावली की, वैनी. चारी पाय शाबूत आहेत. मी पुढं पळत होतो, मला ऐकू येत होते."

मी मिस्टरांना गल्ल्यावर बसवलं आणि तशीच निघाले.

गोठ्यात बिजली रवंथ करत उभी होती, चार पायांवर, राणीसारखी. मामा बाजेवर पडून होते. चेहरा सुजलेला, डोळ्यांखाली फुगे. मामी म्हणाल्या, दोन दिवस झाले, अन्नाला तोंड नाही, काही घेतलं की उलटतंय, लघवीलासुद्धा जात नाहीत. "दवाखान्यात चला म्हणून सांगून दमलो बगा, वैनी. म्हंत्यात, पित्त हाय." बाजेच्या डोक्याशी कोनाडा होता. कोनाड्यात अडकित्ता आणि अडकित्त्याशेजारी म्हशीच्या गोळीचे तुकडे, सुपारीसारखे नीट कातरलेले.

ही कुणाची, असं मी विचारलं. बिजलीची, मामा म्हणाले. मग इथं कशी? तेव्हा त्या माणसानं पडल्या पडल्या मला हिशेब समजावून दिला.

"तुमीच सांगितलं न्हवं, पाचशे किलोला अख्खी? मी पंच्याऐंशी किलो. म्हंजे सहावा हिस्सा येतोय. पर अडकित्त्यानं सहा तुकडं सारखं पडत न्हाईत. म्हणून चार."

हसावं की रडावं कळेना. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, अशी म्हण आहे. इथं पखाल आजारी होती आणि रेड्याचं औषध गुपचूप खात होती. म्हशीच्या गोळीचा पाव तुकडा म्हणजे माणसाच्या दिवसभराच्या मापापेक्षा जास्त, आणि जास्त ठणकलं की मामा दोन तुकडे घ्यायचे. वर दाबाची गोळी, लघवीची गोळी आणि दोन लिटर दूध. मी ते तुकडे उचलून पर्समध्ये टाकले आणि मामीला रिक्षा बोलवायला सांगितलं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. त्यानं रक्त काढलं, कागद आले, कपाळाला आठ्या पडल्या. मूत्रपिंडांनी काम जवळजवळ थांबवलं होतं. त्यानं मामांना विचारलं, दुखण्याच्या गोळ्या किती दिवस घेताय? कुठल्या? किती?

"काय बी न्हाय," मामा म्हणाले. "पाल्याचा काढा घेतलाय जरा."

डॉक्टरनं पुन्हा विचारलं. नक्की काय पोटात गेलंय ते कळलं तर पुढचं ठरवता येईल, असंही सांगितलं. मामांनी पुन्हा काढाच सांगितला आणि डॉक्टरच्या खांद्यावरून माझ्याकडं बघून डोळ्यांनी खूण केली. ऱ्हाऊ दे, अशी. म्हणजे त्यांना सगळं कळत होतं. जनावराची गोळी चिठ्ठीशिवाय दिली म्हणून वैनींचा परवाना जाईल, दुकानाला कुलूप लागेल, एवढा विचार त्या सुजलेल्या डोळ्यांनी केला होता. आणि मी? मी पर्स छातीशी धरून उभी होते. ते तुकडे मी डॉक्टरला दाखवायला घेतले होते की लपवायला, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. भिंतीवरची फ्रेम आठवत होती, सासरे आठवत होते, भिशी आठवत होती. मामी एकदा नवऱ्याकडं आणि एकदा माझ्याकडं बघत होत्या. डॉक्टरनं पेन उचललं आणि कागदावर 'काढा' लिहायला लागला.

"डॉक्टर, काढा नाही," मी म्हटलं. "म्हशीची गोळी आहे. मी दिली."

तुकडे टेबलावर ठेवले. कधीपासून, दिवसाला किती, त्याआधी चार वर्षं कोणती, सगळं सांगितलं. तो लिहीत गेला. लिहून झाल्यावर त्यानं मान वर केली.

"मॅडम, तुम्ही फार्मासिस्ट आहात ना?"

"हो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो," मी म्हटलं. तो कामाला लागला. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटलेली नाही.

दोनदा डायलिसिस करावं लागलं. मामा पंधरा दिवस दवाखान्यात होते. मग लघवी सुरू झाली, सूज ओसरली, आकडे खाली आले, पण पूर्वीच्या जागेवर आले नाहीत. डॉक्टर म्हणाले, जेवढं उरलंय तेवढं जपा, सुजेची गोळी आता जन्मात नाही. शेक घ्यायचा, मांडीचे व्यायाम करायचे, अगदीच असह्य झालं तर तापाची साधी गोळी, तीही विचारून. आणि स्टूल. माझ्या परवान्याचं पुढं काही झालं नाही, कुणी विचारायलाही आलं नाही. वाचले म्हणून देवाचे आभार मानायला बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात गेले, तर तिथं उभं राहवेना.

मामांनी सुताराकडून बुटकं स्टूल करून घेतलं. पुढं चरवी टेकवायला फळी, म्हणजे चरवी भुईला लागत नाही. पहिल्या दिवशी कट्ट्यावर सगळे गवळी हसले आणि बिजलीनं लाथ मारून स्टूल गटारात घातलं. आठवडाभरात तिची समजूत पटली. माणसांना जास्त वेळ लागला. आज त्या कट्ट्यावर आणखी दोन स्टुलं आहेत. ती का आणली असं विचारलं तर त्यांचे मालक सांगतात, पावणं आलं की बसायला.

या सगळ्या प्रकरणातून गावानं काय धडा घेतला ते सांगते. मामा घरी आल्यावर पंधरा दिवसांत तीन माणसं दुकानात येऊन 'हिंदुरावची गोळी' मागून गेली. मामा दोन महिने पायऱ्या तडातडा चढत होते, तेवढंच त्यांनी बघितलं होतं. मूत्रपिंडाचं सांगितलं तर एक जण म्हणाला, "त्यानं चार तुकडं केलं, तितंच चुकला. आमी आठ करू की." त्याला मी कधी नव्हे ते हाताला धरून पायऱ्या उतरवून दिलं.

तेव्हापासून मी चिठ्ठी मागायला लागले. तारीख बघायची, दिवस मोजायचे. म्हशीची गोळी मागितली तर म्हशीचं नाव, कुठला पाय, आणि डॉक्टरांना फोन. गिऱ्हाईक तुटलं, समोरच्याकडं गेलं. सूनबाई डिग्री घेऊन दुकानात आली तेव्हा तिला पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं, समोर कोण उभं आहे ते बघायचं नाही, हातात काय आहे ते बघायचं. ती गुणी पोरगी आहे, सांगितलेलं विसरत नाही. गेल्या वर्षी मी काउंटर तिच्या हवाली केला आणि घरी बसले.

घरी बसल्यावर माझे गुडघे जास्तच बोलायला लागले. परवा लेकीकडच्या नातवाच्या बारशाची तयारी करताना उजवा इतका ठणकला की दुकानात गेले. तीन पायऱ्या कठडा धरून आडवी चढले. वर हिंदुरावमामा होते, आपली दाबाची गोळी घ्यायला आलेले, बाकावर टेकलेले. त्यांनी माझं चढणं पहिल्या पायरीपासून बघितलं होतं. मी छाती पुढं काढली आणि सूनबाईला हळूच म्हटलं, ती पिवळ्या गोळ्यांची पट्टी दे गं एक.

सूनबाई पट्टीकडं वळलीच नाही. हात पुढं करून म्हणाली, "आई, चिठ्ठी?"

 भिंतीवरची फ्रेम बरोबर तिच्या डोक्यावर होती. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, चहावाला बाहेरून कान देऊन होता. मग मामांनी शर्टाच्या आतल्या खिशात हात घातला, तो चकचकीत कागद काढला, माझ्यासमोर काउंटरवर ठेवला आणि त्यांच्या मते हळू आवाजात म्हणाले,

"ही घ्या वैनी. पाच दिवसाचीच हाय, पर लई टिकतीया."